दुमडलेली कड

सांगलीच्या आमच्या घरात रविवार उजाडायचा तो जॅकच्या आवाजाने. लोखंडावर लोखंड घासल्याचा तो कर्रकर्र आवाज अंगणातून यायचा आणि स्वयंपाकघरात ताक घुसळणारी आई रवी थांबवून म्हणायची, "सुरू झाली बघ तुझ्या अण्णांची पूजा." अण्णा सोवळ्यात बसावं तसे जुनी लुंगी आणि फाटका बनियन घालून पेरूच्या झाडाखाली बसलेले असत. समोर गोणपाटावर पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर ओळीने मांडलेले, वाटीत रॉकेल, आणि मध्ये आमची फिकट हिरवी जुनी गाडी एका बाजूने उचललेली. मी चहा संपवून बाहेर गेले की ते मान वर न करता म्हणत, "नंदा, पुस्तक आण." माझी पूजा तिथून सुरू व्हायची.

पुस्तक म्हणजे गाडीच्या आधीच्या मालकाने गाडीबरोबर दिलेलं इंग्रजी माहितीपुस्तक. अण्णांची शाळा सातवीत सुटली होती. इंग्रजी अक्षरं त्यांना ओळखता यायची, वाक्यं नाहीत. मी नुकती कॉलेजात जाऊ लागले होते. पायरीवर बसून मी एकेक ओळ वाचायची, तिचं मराठी करायचं आणि अण्णांनी तसं करायचं. कित्येक शब्दांना मराठी नव्हतंच. मग आम्ही आमचेच शब्द केले होते. एका झडपेला आम्ही 'जावई' म्हणायचो, कारण ती कधी रुसेल याचा भरवसा नसे. थोरली ताई साताऱ्याला दिलेली. तिचा नवरा घरी आला असताना अण्णा अंगणातून ओरडले, "नंदा, जावई घासायला घे," तेव्हा आईला तोंडाला पदर लावून आत पळावं लागलं होतं.

अण्णांचं बियाण्याचं आणि फवारणीच्या पंपांचं दुकान होतं. दुकानात गडी असे. अण्णा स्वतः आठवड्यातले चार दिवस फिरतीवर. कडेगाव, विटा, कधी पार दहिवडीपर्यंत. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. त्यामुळे गाडी नीट चालणं ही आमच्या घरात जेवणाचीच गोष्ट होती. गाडी वाटेत बंद पडली आणि सूर्य बुडाला, की अण्णा दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी, आणि त्यांच्यासाठी थांबलेली आईही. चार वाजून गेले की आई शाळूच्या भाकरी, पावट्याची आमटी, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी झाकून ठेवी आणि दर थोड्या वेळाने फाटकापाशी जाऊन येई. आमच्या गाडीचा आवाज ती तीन गल्ल्या आधी ओळखायची. मी आज साठीच्या उंबरठ्यावर आहे, माझ्या गाडीला आवाजच नाही. ती कधी आली हे माझ्या घरातल्या कुणाला कळत नाही, आणि मला ते अजून थोडं चुकल्यासारखं वाटतं.

अण्णा पहिल्यापासून काही स्वतः गाडी दुरुस्त करत नव्हते. गावातल्याच एका मेकॅनिकवर त्यांचा फार जीव होता. त्याच्या गॅरेजात बाकड्यावर बसून चहा पिणं हा त्यांचा विरंगुळा. एका दसऱ्याला गाडीची पूजा करताना त्यांनी बॅटरी भरणाऱ्या नव्याकोऱ्या डायनामोवर तांबड्या रंगाने बोटभर स्वस्तिक काढलं. पुढे कसल्याशा कामासाठी गाडी चार दिवस त्या गॅरेजात राहिली. नंतर दिवे मंद होऊ लागले, बॅटरी उतरू लागली. मेकॅनिक म्हणाला, जुनी झाली गाडी, अण्णा, चालायचंच. आणि एके दिवशी बाजारात एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या जीपचं बॉनेट उघडं होतं, म्हणून अण्णा सहज डोकावले, तर आत डायनामोवर तेच तांबडं स्वस्तिक. ते त्या व्यापाऱ्याला काही बोलले नाहीत. मेकॅनिकलाही जाब विचारला नाही. घरी आले, पाय धुतले, आणि आईला म्हणाले, "आजपासून माझ्या गाडीला परका हात लागणार नाही." पैशापेक्षा त्यांना त्या बाकड्यावरच्या चहाचं वाईट वाटलं असावं. पुढच्या रविवारी पेरूखाली गोणपाट पसरलं गेलं.

त्यानंतरची तीन-साडेतीन वर्षं ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं, असं मी आज खुशाल म्हणू शकते. कॉलेजातल्या मैत्रिणी रविवारी सिनेमाला जात, मला त्याचं काही वाटत नसे. प्लग घासणं, पॉइंट बसवणं, फॅनबेल्ट बदलणं, पुढे गाडी चालवणंही, हे सगळं मी पायरीवरून हळूहळू खाली सरकत शिकले. अण्णा कमी बोलणारे. पण गाडीखाली पडल्या पडल्या ते मला लहानपणच्या गोष्टी सांगत, ज्या त्यांनी एरवी कुणाला सांगितल्या नसत्या. एक मात्र होतं. ते करतायत त्यात काही चुकतंय असं मी म्हटलेलं त्यांना खपत नसे. एकदा मी, "अण्णा, नट तिरका चढतोय," म्हणाले, तर तसेच शांतपणे म्हणाले, "तू वाच. बघायचं काम माझं." मी पुन्हा कधी बोलले नाही.

ताईला सातवा लागला आणि साताऱ्याला डोहाळजेवण ठरलं. आईने करंज्यांचा डबा भरला, स्वतःसाठी नवी हिरवी साडी काढून ठेवली. जायच्या आधीच्या रविवारी अण्णांनी ब्रेकचं काम काढलं. मागच्या डाव्या चाकात ब्रेकच्या तेलाचा एक छोटा सिलिंडर असतो आणि त्यात तेल अडवून धरणारी रबराची टोपी. ती झिजली होती. मी वाचलं, "टोपी आत सरकवताना तिची पातळ कड दुमडणार नाही, याची काळजी घ्यावी." अण्णांनी टोपी बोटांत फिरवली, अंगठ्याने चाचपली आणि आत ढकलली. मी पायरीवरून वाकून बघत होते. ती आत जाताना एका बाजूने कड दुमडल्यासारखी मला दिसली. नखाएवढी. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. पुढची ओळ वाचली. मग मी गाडीत बसून पेडल मारलं, अण्णांनी ब्रेकच्या नळीतली हवा काढली, पेडल कडक लागलं. अण्णा म्हणाले, "झकास." मीही मनाला म्हटलं, झकास.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. अण्णा गाडी चालवत होते, मी शेजारी, आई मागे डबा मांडीवर घेऊन. इस्लामपूर गेलं, कराड गेलं. उसाला तुरे आले होते आणि उन्हात ते सगळे एकाच बाजूला कललेले दिसत होते. उंब्रज मागे पडल्यावर एक लांब उतार लागतो, खाली ओढ्यावर पूल. पुलाच्या अलीकडे माण तालुक्याकडच्या धनगरांची मेंढरं रस्ता ओलांडत होती. दरवर्षी त्या दिवसांत ती खाली उतरतात. मला ती केव्हाच दिसली होती. अण्णांना दिसली असतील असं मी धरून चालले. मग मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा पाय ब्रेकवर गेला तो फार उशिरा, आणि गेला तो थेट तळाला टेकला. त्यांनी दुसऱ्यांदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला. मला म्हणाले, "लागत नाही." इतक्या हळू आवाजात, की आईला मागे ऐकूही गेलं नाही. त्यांनी गिअर खाली पाडला, इंजिन किंचाळलं, मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, त्यांनी चाक डावीकडे वळवलं आणि गाडी कच्च्या रस्त्यावरून धडधडत उसात घुसून थांबली.

आम्हा तिघांना खरचटलंही नव्हतं. करंज्यांचा डबासुद्धा आईच्या हातात तसाच होता. पण पुढच्या चाकापाशी एक कोकरू पडलं होतं. आमच्या घरात मुंगी चिरडली तरी आई हात जोडायची. ती गाडीतून उतरली, हिरव्या नव्या साडीनिशी मातीत बसली आणि त्या कोकराचं डोकं मांडीवर घेतलं. ते अजून श्वास घेत होतं. आईने वाकून त्याच्या कानाशी णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली. सगळी मेंढरं पुढे गेली, फक्त एक मेंढी मागे वळून ओरडत राहिली. मेंढरांची मालकीण काठी टेकत आली आणि आईच्या समोर उकिडवी बसली. मला वाटलं आता शिव्या येतील. पण आईचा मंत्र आणि कोकराचा श्वास बरोबरच थांबेपर्यंत ती बसून राहिली.

मग म्हणाली, "उठा आता आक्का. गेलं त्ये. तुमी काय मुद्दाम न्हाई क्येलं."

आई म्हणाली, "लेकीच्या डोहाळजेवणाला निघालोय हो. आणि हे असं झालं."

"पोटुशी हाय व्हय लेक? मग रडू नगासा. ह्येच्या आयकडं मी बघती. तुमी तुमच्या लेकराकडं जावा." तिने कोकरू आईच्या मांडीवरून उचललं, स्वतःच्या पदराने आईच्या साडीवरचं रक्त पुसलं. पुसलं ते आणखी पसरलं. अण्णा चाकाशी उभे होते. त्यांनी भरपाई पुढे केली ती मागून आलेल्या तिच्या नवऱ्याने खाली मान घालून घेतली. तोच म्हणाला, "फाट्यावर मिल्ट्रीतला मानूस हाय. हणमंतनाना. गाड्यांचं काम करतो. थांबा, सांगावा देतो."

हणमंतनाना सायकलवरून आले. खाकी अर्धी चड्डी, इस्त्रीचा शर्ट, पांढऱ्या मिशा. वय अण्णांपेक्षा चार-पाच वर्षांनी जास्त असेल. सारी नोकरी लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला हात लावला, बोटं हुंगली आणि म्हणाले, "ब्रेक ऑइल सगळं बाहेर हाय. शेडमधी घिऊ. हळू हळू नेतो मी."

अण्णा म्हणाले, "मी गाडी परक्याच्या हाती देत नाही."

मला शरमेने मेल्यासारखं झालं. नाना मात्र रागावले नाहीत. "नगा देऊ की. तुमी शेजारी बसा. शेडमधी बी शेजारीच बसा. माझा एकच नियम हाय, मालक. काढलेला पार्ट मालकानं हातात घिऊन बघितल्याबिगर दुसरा लावायचा न्हाई. फौजेत जवाब द्यावा लागायचा, सवय लागली."

त्यांच्या शेडमध्ये पत्र्याखाली एक लष्करी कांबळं पसरलं गेलं. अण्णांना खुर्ची, आईला पाणी. नानांनी चाक काढलं आणि निघालेला प्रत्येक तुकडा पुसून कांबळ्यावर ओळीने मांडला, अगदी अण्णा गोणपाटावर मांडत तसा. शेवटी रबराची टोपी निघाली. नानांनी ती तळहातावर धरली. एका बाजूने कड दुमडून चिरली होती.

"ह्ये कुणी बसवलं?"

"मी," अण्णा म्हणाले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मला दिसलं होतं. रविवारी. कड दुमडताना मी बघितलं होतं. मी बोलले नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेने पाहिलं. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. हे मला त्या क्षणी कळलं, आणि नानांनाही कळलं असावं. त्यांनी कप्प्यातून नवी टोपी काढली, अण्णांच्या हातात दिली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "मालक, ह्येची पातळ कड कुठल्या अंगाला हाय, सांगा बघू."

अण्णांनी ती लांब धरली, जवळ धरली. खुर्चीवरून उठून उन्हात गेले. अंगठा फिरवला. मग परत येऊन बसले आणि टोपी कांबळ्यावर ठेवली. "दिसत नाही मला," ते म्हणाले. "धुकं असल्यासारखं दिसतं. दोन वर्षं झाली."

आई पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होती. दोन वर्षं हा माणूस विटा, कडेगाव, दहिवडी करत होता, रस्ता पाठ आहे म्हणून, समोरच्या गाडीच्या आवाजावर. तिने ते सगळं मनातल्या मनात जोडलं असेल. ती भांडली नाही. "आज कोकरू होतं," एवढंच म्हणाली आणि तांब्या खाली ठेवला.

अण्णा बोलले ते नानांशी. "डॉक्टर म्हणतील, कापू या. डोळ्याला हात लावू द्यायचा म्हणजे," ते थांबले. "साधा डायनामो सांभाळला नाही हो माणसाने." आणि त्यांनी स्वस्तिकाची सगळी गोष्ट त्या अनोळखी माणसाला सांगितली. आम्ही घरातही ती एवढी सविस्तर कधी ऐकली नव्हती.

नानांनी काम न थांबवता ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लबाड होता त्यो. पर मालक, मी उभा जल्म गाड्या खोलल्या, माझी दाढ मी काढली व्हय? दुसऱ्याम्होरं तोंड उघडून बसावंच लागलं की. भ्या मला बी वाटलं. तवा मी डॉक्टरला म्हटलं, आरसा दे, बघू दे काय करतोयस ते. त्यो हसला आन दिला आरसा. जो दाखवतो त्येच्याकडं जायाचं. जो दाखवत न्हाई त्येच्याकडनं उठायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाळ, तू हात धू. ही टोपी तू बसव."

मी बसवली. पहिल्यांदा कड पुन्हा वाकली. मी म्हणाले, "दुमडतेय." नाना म्हणाले, "आता बोललीस न्हवं? काढ. परत घाल." दुसऱ्यांदा नीट गेली. अण्णा खुर्चीवरून उठून माझ्याजवळ उकिडवे बसले आणि आतून अंगठा फिरवून म्हणाले, "सारखी आहे." मग हवा काढताना नाना चाकाशी बसले, पेडल मी मारलं, अण्णा बाटलीतल्या तेलात बुडबुडे थांबले का ते नानांना विचारत राहिले. सगळं झाल्यावर अण्णांनी किल्ली खिशातून काढून नानांसमोर धरली. "आम्हाला साताऱ्यापर्यंत तुम्हीच सोडा," ते म्हणाले. "मुलगी चालवते, पण आज तिचे हात कापतायत." नानांनी शर्टाला हात पुसले आणि किल्ली घेतली. साताऱ्याहून ते एसटीने परतले, चहालाही थांबले नाहीत.

ताईला आम्ही काही सांगितलं नाही. आईने त्या दिवशी उपास धरला आणि साडीवर पाणी सांडलं असं सांगून ती धुवायला टाकली. दुसऱ्या दिवशी डोहाळजेवण झालं. पुढे ताईला मुलगा झाला, तो चालायला लागेपर्यंत आई वरचेवर त्याच्या अंगावरून हात फिरवून बघायची, सगळं जागेवर आहे ना म्हणून. ताईला मग कधीतरी मीच सांगितलं.

गाडीचं आमचं त्यानंतर ठरून गेलं. प्लग, तेल, पाणी, बेल्ट हे घरी, पेरूखाली. ब्रेक आणि स्टिअरिंग नानांकडे. लोक हसायचे, सांगलीत काय मेकॅनिक नाहीत, ब्रेकसाठी एवढ्या लांब साताऱ्याच्या वाटेला जाता. आम्ही जायचो. आई नानांसाठी शेंगाच्या पोळ्या बांधून द्यायची, गाडी मी चालवायची, अण्णा कांबळ्याशेजारी खुर्चीवर. नानांची शेड बंद होईपर्यंत हे चाललं. आता माझी गाडी काचेच्या मोठ्या दालनात जाते, मी सोफ्यावर बसते, मोबाइलवर यादी येते. मी दर वेळी म्हणते, काढलेले जुने पार्ट मला बघायचेत. पहिल्यांदा ती पोरं एकमेकांकडे बघायची. आता त्यातला एक न विचारता ट्रे घेऊन येतो. काही कळतंच असं नाही मला त्या नव्या यंत्रांतलं. तरी मी प्रत्येक तुकडा हातात घेते.

अण्णांच्या डोळ्याचं मिरजेला झालं. डॉक्टरांनी आधी चित्र काढून समजावलं, जे काढणार ते दाखवलं, तेव्हाच अण्णा तयार झाले. पट्टी निघाली, काही आठवड्यांनी जाड भिंगांचा चष्मा मिळाला. तो घालून आम्ही दवाखान्याबाहेर आलो. मी गाडीचं दार उघडून धरलं होतं. अण्णा आत बसता बसता थांबले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. तिथे भाजल्याचा एक डाग होता, चांगला रुपयाएवढा, सायलेन्सरला हात लागून झालेला. त्यांनी तो उन्हाकडे वळवून पाहिला, त्यावरून अंगठा फिरवला.

"हे कधी भाजलं?"

"दीड वर्ष झालं असेल, अण्णा."

"मी कुठं होतो तेव्हा?"

"शेजारीच होता."

ते गाडीत बसले, आणि मिरज संपून सांगली येईपर्यंत मी गिअर बदलण्यापुरता काय तो हात सोडवून घ्यायची, आणि ते पुन्हा धरायचे.